सतरा तारखेचे बयान

गुरुवार, ३० डिसेंबर १९३७

अदालतीचा हुकूम झाला. दर रविवारी दुपारी तीन ते पाच वनमाला तिच्या आईला भेटेल. आमचे कृष्णराव वकील स्वतः घरी येऊन माझ्या थोरल्या भावांना, दादासाहेबांना, सांगून गेले. मी बैठकीच्या चिकाआड, बांबूच्या पडद्यामागे, बसले होते, त्यामुळे शब्दन्‌शब्द ऐकला. हुकूम तात्पुरता आहे. वनू कायमची कुणाजवळ राहणार, ते सर्वांची बयाने, म्हणजे जबान्या, झाल्यावर ठरेल.

"घाबरायचं कारण नाही, मानसिंगराव," वकील म्हणाले. "दोन तासांत मूल कुणाचं होत नाही. फक्त दर रविवारी काय घडलं ते टिपून ठेवा. मूल कधी गेलं, कधी आलं, रडलं का, काय खाल्लं. आणि लिहिणारं माणूस तिथं हजर पाहिजे."

"मंदा लिहील," दादासाहेब म्हणाले. "तिचं अक्षर चांगलं आहे."

मला कुणी विचारले नाही, पण विचारले असते तरी मी हो म्हटले असते. वकिलांचा कागद वेगळा असेल. ही वही माझी. कागदावर जे मावणार नाही ते इथे लिहीन.

वनू माझ्या धाकट्या भावाची, जगदेवरावांची मुलगी. सव्वादोन वर्षांपूर्वी ते विषमज्वराने गेले. वर्षश्राद्ध झाल्यावर त्यांची बायको सुनंदा चार दिवसांसाठी म्हणून शहरातच शिंदे की छावनीत आपल्या भावाकडे, सूर्याजीकडे, गेली आणि तिथे नर्सच्या शिक्षणाला नाव घालून बसली. उघड्या तोंडाने रस्त्यावरून जाणारी सून या घरात चालणार नाही, असे दादासाहेबांनी निरोप पाठवून कळवले. मूलही पाठवले नाही. त्याला आता सव्वा वर्ष झाले. वनू साडेसहा वर्षांची आहे आणि माझ्या कुशीत झोपते.

मी एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन या घरी परत आले. दादासाहेबांच्या पत्नी वारल्या, सुनंदा निघून गेली; आता घरात बाई अशी मी एकटीच. सतरा वर्षे या घराच्या किल्ल्या माझ्या कमरेला आहेत, पण सकाळी मला कुणी हाक मारून उठवत नव्हते. आता वनू उठवते. ती गेली तर काय, हा विचार मी अर्धाच करते आणि सोडून देते.

रविवार, २ जानेवारी

पहिली भेट. जागा लीलाताईंच्या घरी, जनकगंजात. त्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, दोन्हीकडच्या कुणाच्याच नात्यातल्या नाहीत, म्हणून अदालतीने त्यांचे घर ठरवले. आम्ही पडदे लावलेल्या टांग्यातून गेलो. टांग्यापासून दारापर्यंत आमच्या दोन बायांनी चादर धरली, तिच्यामधून मी आत शिरले. वनू चादरीच्या बाहेरून उड्या मारत गेली.

सुनंदा आधीच आलेली होती. पांढरे लुगडे, डोक्यावर पदर, तोंड उघडे. ओसरीवर लीलाताईंचे म्हातारे वडील बसले होते, त्यांच्यासमोरूनच ती पुढे आली आणि माझ्या पाया पडली.

"वन्सं, तुम्ही बारीक झालात."

"तू काळी झालीस," मी म्हटले. दुसरे काही सुचले नाही.

वनू माझ्या पाठीमागे लपली. सुनंदेने तिला बोलावलेच नाही. खाली सतरंजीवर बसली, पिशवीतून पांढऱ्या पट्टीचे भेंडोळे काढले आणि ते उलगडून पुन्हा गुंडाळू लागली. थोड्या वेळाने माझ्या पाठीमागून आवाज आला.

"ते कशाला आहे?"

"कुणाचा पाय मोडला तर बांधायला."

"माझ्या बाहुलीचा मोडलाय. छतावरून गिरली."

"अरे रे. कोणता पाय?"

मग दोन तास त्या बाहुलीचे पाय, हात, डोके सगळे बांधून झाले. मी शेजारच्या खोलीत दार अर्धे लोटून बसले होते. सुनंदेच्या हातांना दवाखान्याचा वास येतो. वनूने तो हात हुंगला आणि नाक मुरडले, पण सोडला नाही.

पाच वाजले. निघताना वनू रडली. टांग्यात फाळका बाजार येईपर्यंत हुंदके देत होती.

कागदावर लिहिले: मुलगी भेटीच्या वेळी रडली. खाल्ले काही नाही. कृष्णरावांना कागद पसंत पडला. मी लिहिले ते खोटे नाही. ती कधी रडली, हे त्यांनी विचारले नाही.

बुधवार, ५ जानेवारी

जज्जसाहेब मुलीला स्वतः विचारतील, असे कृष्णराव म्हणतात. त्यांनी तीन प्रश्न लिहून दिले आहेत. कुणाजवळ राहतेस, जेवू कोण घालतं, कुणाजवळ राहायचं आहे. दुपारी ते वनूकडून म्हणवून घेते. बरोबर उत्तराला एक बत्तासा.

आज मी पहिला प्रश्न विचारायच्या आधीच तिने "आत्याजवळ, आत्या, आत्याजवळ" असे एका दमात म्हटले आणि हात पुढे केला.

"तीन."

मी तीन दिले. बत्तासा चघळत तिने विचारले, "आई विचारेल तेव्हा काय सांगायचं?"

"आई नाही विचारणार."

"का? तिला मालूम आहे?"

उद्यापासून बत्तासे बंद करावेत. दातांना वाईट.

रविवार, ९ जानेवारी

भेट झाली. तिळाचे लाडू सुनंदेने आणले होते, वनूने दोन खाल्ले. परतताना जयाजी चौकाजवळ टांगा अडला. पडद्याच्या फटीतून पाहते तो सुनंदा. छत्री उघडी, पदर खांद्यावर घसरलेला, पेरूवाल्याशी भाव करत उभी. "भैया, कल के तो सड़े निकले थे," असे म्हणून हसत होती. आसपास पन्नास पुरुष.

मी फट मिटून घेतली. मग पुन्हा उघडून पाहिले, तोवर टांगा पुढे निघाला होता.

गुरुवार, १३ जानेवारी

विरुद्ध बाजूने अर्ज दिला आहे. सुनंदा पडद्यातल्या घराण्याची सून, म्हणून तिचे बयान कमिशनवर घ्यावे. म्हणजे अदालतीने नेमलेला वकील तिच्या भावाच्या घरी जाईल, ती चिकाआडून बोलेल आणि तो लिहून घेईल. आमच्यासारख्या घरांत नेहमी असेच होते.

दादासाहेब म्हणाले, "यात हरकत घेण्यासारखं काही नाही. शेवटी ती जगदेवची बायको आहे."

मी चिकाआडून बोलून गेले, "पण ती तर जयाजी चौकात पेरू घेत उभी असते. उघड्या तोंडानं. मी पाहिलंय."

कृष्णरावांनी मांडीवर थाप मारली. "हे आधी सांगायचं नाही का, बाईसाहेब! बाजारात पडदा नाही, दवाखान्यात नाही, आणि अदालतीतच पडदा? आपण हरकत घेऊ. समोर येऊन बोल म्हणावं. सूर्याजी आपल्या बहिणीला कचेरीत उभी करणार नाही. ती आली नाही की मुलीसाठीचा तिचा मूळ अर्जच पडला."

ते तिथेच हरकतीचा मसुदा सांगू लागले. एका वाक्याशी अडले. पडद्याआडून बयान घेतल्याने मुलाचे नुकसान काय, ते त्यांना नीट मांडता येईना. मला सुचले ते मी बोलले.

"चिकाआडून नुसता आवाज येतो. मूल सांभाळणारं माणूस दिसत नाही."

"वा!" कृष्णराव म्हणाले. "हेच लिहितो. जसंच्या तसं."

दादासाहेब चिकाकडे पाहून हसले. पुष्कळ दिवसांनी हसले. मला बरे वाटले, हे लपवण्यात अर्थ नाही.

गुरुवार, २० जानेवारी

हरकत मंजूर. सुनंदेने तीन फेब्रुवारीला अदालतीत हजर व्हावे. दादासाहेब घोडदळात आहेत, रिसाल्यातून येताना त्यांनी पेढे आणले. वनूने विचारले, "कुणाचं लग्न?"

रविवार, २३ जानेवारी

मला वाटले होते सुनंदा चिडलेली असेल. तिने माझ्याकडे नीट पाहिले आणि म्हणाली, "हरकत तुमची होती ना, वन्सं? वाक्य वाचलं. कृष्णराव वकील असं लिहीत नाहीत."

मी सतरंजीची सुटलेली दशी ओढली.

"बरं झालं. कमिशनचा अर्ज सूर्याजीदादांचा होता. मी नको म्हणत होते, ते ऐकत नव्हते. आता त्यांचा इलाजच राहिला नाही."

तेवढ्यात वनूला खोकला आला. सुनंदेचे बोलणे तिथेच थांबले. तिने वनूला पालथी घातली, पाठीला कान लावला, बोटाने ठिकठिकाणी ठोकून पाहिले.

"किती दिवस?"

"थंडीचा आहे. मोहरीचं तेल चोळते रोज."

"तेल चोळा, पण खोलीत शेगडी ठेवू नका झोपताना. धूर छातीत बसतोय. आणि वाफ द्या, सकाळ-संध्याकाळ."

"माझ्या हाताखाली सव्वा वर्ष आहे ती."

"म्हणून तर तुम्हाला सांगतेय," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाला सांगू?"

घरी आल्यावर शेगडी बाहेर काढली. बायांना सांगितले, राख उडते म्हणून.

शुक्रवार, २८ जानेवारी

खोकला गेला. कागदावर याचे काही लिहिलेले नाही. लिहायचे तर दोघींचेही लिहावे लागेल.

गुरुवार, ३ फेब्रुवारी

सुनंदा अदालतीत आली.

दादासाहेब दोन वाजता परतले. घोड्यावरून उतरले ते सरळ आत, पगडीसुद्धा काढली नाही. मागून कृष्णराव आले. चिकाआड बसून मी जे ऐकले ते असे.

कचेरीच्या आवारात गर्दी होती. सरदार घराण्यातली बाई बयान द्यायला येणार हे शहरभर झाले होते. सूर्याजी तिच्यामागून मान खाली घालून चालत होता, ती पुढे. डोक्यावर पदर, तोंड उघडे. शपथ घेतली. हिंदीत बोलली, हळू पण स्पष्ट. कृष्णरावांनी विचारले, "आपकी रात की ड्यूटी रहती है?" ती म्हणाली, "हाँ, महीने में दस रात." "तब बच्ची किसके पास रहेगी?" यावर ती म्हणाली, "यही मैं भी सोचती हूँ." लोक हसले. जज्जसाहेब हसले नाहीत, त्यांनी लिहून घेतले.

मग दादासाहेबांची पाळी. विरुद्ध वकिलाने विचारले, मुलगी सकाळी किती वाजता उठते. दादासाहेब म्हणाले, वेळेवर. पुढचे दात किती पडले आहेत. दादासाहेब म्हणाले, हे घरातल्या बायकांना ठाऊक.

"कोणत्या बायकांना?"

"माझ्या बहिणीला. मूल तीच सांभाळते."

"मग बयान त्यांचंच व्हायला हवं," जज्जसाहेब म्हणाले.

कृष्णराव उठले आणि माझ्यासाठी कमिशन मागितले. घराणे, पडदा, रिवाज, सगळे सांगितले. विरुद्ध वकील बसल्या जागेवरून कागद चाळत होता. त्याने उठून आमची हरकत वाचून दाखवली. चिकाआडून नुसता आवाज येतो, मूल सांभाळणारे माणूस दिसत नाही. खाली दादासाहेबांची सही.

"दोघींना नियम एकच," जज्जसाहेब म्हणाले. तारीख सतरा फेब्रुवारी. मंदाताई स्वतः हजर. नाही आल्या तर सांभाळ करणारीचे बयान नाही असे धरून निकाल होईल.

कृष्णरावांनी हे सगळे सांगून संपवले. मग कृष्णराव म्हणाले, "वाक्य जरा जास्तच चांगलं होतं."

"आपल्या घरातली बाई कचेरीची पायरी चढणार नाही," दादासाहेब म्हणाले. "मूल गेलं तरी."

मूल गेलं तरी, हे त्यांनी किती सहज म्हटले. वरचे दोन आणि खालचा एक. तीन दात पडले आहेत. चौथा हलतो आहे.

रविवार, ६ फेब्रुवारी

आज मी दार लोटून बसले नाही. सुनंदेजवळच बसले. वनू बाहेर ओसरीवर लीलाताईंच्या वडिलांबरोबर चिंचोके खेळत होती.

"कसं वाटलं?" मी विचारले.

"पहिली दहा पावलं वाईट होती. पायात लुगडं अडकेल असं वाटत होतं. मग कुणी बघत नाही हो. आधी बघतात, मग त्यांना त्यांची त्यांची पेशी असते, तारीख असते."

"मी नऊ वर्षांची असल्यापासून परपुरुषानं माझं तोंड पाहिलेलं नाही."

"ठाऊक आहे मला. म्हणून तुम्ही आला नाहीत तरी मी तुम्हाला दोष देणार नाही."

"न येण्यात तुझा फायदा आहे."

"आहे ना," ती म्हणाली आणि हसली. "पण तुम्ही या. आलात तर जे आहे ते सांगा. वनूला तुम्ही कसं ठेवलंय ते मी बघते दर रविवारी. केसांत ऊ नाही, कानामागे मळ नाही. मी असते तरी इतकं झालं नसतं."

मग तिने आवाज खाली आणला.

"वन्सं, महिन्यात दहा रात्री मी घरी नसते. सूर्याजीदादांच्या घरी चार मुलं आहेत, वहिनी वैतागलेल्या असतात. वनू आली तर त्या दहा रात्री मी तिला कुणाजवळ ठेवू?"

मी म्हटले, "ते तू आधी बघायचं होतंस."

"हो," ती म्हणाली. "बघायचं होतं."

हा तिचा डाव असणार. मला कचेरीत मवाळ करायचा. घरी दादासाहेबांना सांगायला हवे होते, सांगितले नाही. डाव काय आहे, ते मलाच नीट समजलेले नाही, मग सांगणार काय?

बुधवार, ९ फेब्रुवारी

दुपारी वनू जज्ज झाली. चौरंगावर बसली आणि मला समोर उभे केले.

"पदर काढ. नीट दिसत नाही."

मी पदर मागे घेतला.

"नाम बताओ."

"मंदा."

"सच बोलना. वनू कुणाजवळ राहील?"

"आत्याजवळ."

"आणि आई?"

"हा प्रश्न वकिलांनी दिलेला नाही."

"मी जज्ज आहे," ती म्हणाली. "मी काय पण विचारीन."

शनिवार, १२ फेब्रुवारी

कृष्णरावांनी मार्ग काढला. डॉक्टरचा दाखला. बाई अंथरुणाला खिळलेली आहे, हलवता येत नाही. असे झाले तर अदालतीला कमिशन नेमावेच लागेल, आमची हरकत तिथे आड येत नाही.

दादासाहेबांच्या ओळखीचे म्हातारे डॉक्टर दुपारी आले. मी पलंगावर, मध्ये पडदा. पडद्यातून हात बाहेर काढला. त्यांनी नाडी पाहिली.

"नाडी तर छान आहे," ते पलीकडून म्हणाले.

"अशक्तपणा आहे," दादासाहेब म्हणाले.

"हो, तो असतोच बायकांना." त्यांनी लिहिले.

सतरा तारखेपर्यंत मला पडून राहायचे आहे. बाया बाजारात बोलतात, म्हणून त्यांनाही खरे सांगायचे नाही.

रविवार, १३ फेब्रुवारी

आज भेट झाली नाही.

काल डॉक्टर आले तेव्हा वनू दाराशी उभी होती. मला ठाऊकच नव्हते. तेव्हापासून ती माझ्या पलंगावरून उतरत नाही. काल दुपारपासून जेवली नाही. सकाळी बाईने दूध आणले, तर भिंतीकडे तोंड केले. अडीच वाजता टांगा आला.

"चल, आईकडे जायचं ना?" मी म्हटले.

"नाही."

"आई वाट बघेल."

"बाबासाहेब झोपले होते तेव्हा मला लीलाबागेत नेलं होतं फिरायला," ती म्हणाली. "परत आले तर ते नव्हते."

हे तिला आठवत असेल असे मला कधी वाटले नाही. वडील गेले तेव्हा चार वर्षांची होती. बागेत नेण्याची युक्ती माझीच होती.

टांगा परत गेला. तासाभराने कृष्णराव आले. बाहेरून त्यांचा उत्साही आवाज आला. "मूल आईकडे जायला तयारच नाही! उत्तम. बाईसाहेब, तेवढं तारीखवार लिहून द्या. मुलगी स्वतःहून गेली नाही. एवढ्या एका ओळीवर निकाल फिरेल."

मी कागद पुढे ओढला. तारीख घातली. मुलगी, एवढे लिहिले. वनूने माझा अंगठा मुठीत धरला होता, तो लेखणीच्या हाताचा होता. सोडवून घेता आला असता.

"आत्या, तू पण मरणार?"

मी उठले. स्वयंपाकघरात जाऊन बायांना बाजूला केले आणि चुलीसमोर बसून पुऱ्या तळल्या. वनू ओट्याला टेकून एकेक खात होती आणि दर पुरीनंतर माझ्याकडे बघून खात्री करून घेत होती. सात पुऱ्या खाल्ल्या. बाया तोंडाला पदर लावून बघत होत्या. आता संध्याकाळपर्यंत बाजारभर होईल.

कागद तसाच आहे. तारीख आणि एक शब्द.

मंगळवार, १५ फेब्रुवारी

लीलाताईंकडून चिठ्ठी. सुनंदा रविवारी पाचपर्यंत बसून होती. वनू आजारी आहे का, एवढेच विचारते आहे. मी उत्तर लिहिले: वनू बरी आहे. मी पण बरी आहे. हे दुसरे वाक्य दादासाहेबांनी पाहिले असते तर चिठ्ठी गेली नसती. त्यात चार शब्द आहेत आणि त्यांनी तो दाखला खोटा ठरतो. हे चिठ्ठी गेल्यावर माझ्या लक्षात आले. आधी आले असते तर लिहिले असते का, सांगता येत नाही.

बुधवार, १६ फेब्रुवारी

दुपारी दादासाहेब माझ्या खोलीत आले. मी वनूची वेणी घालत होते. ते दारातच उभे राहिले. पलंगाची चादर घडी करून ठेवलेली त्यांनी पाहिली.

"उठलीस."

"रविवारीच उठले."

वनूला त्यांनी बाहेर पाठवले. बसले. त्यांना माझ्या खोलीत कुठे बसावे ते कळेना, शेवटी वनूच्या चौरंगावर बसले.

"मी उद्या जाणार आहे," मी म्हटले.

मला वाटले होते ते ओरडतील. रिसाल्यात त्यांचा आवाज मैदानापलीकडे जातो म्हणतात.

"आबासाहेबांनी तुला पडद्यात बसवलं तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस," ते म्हणाले. "आपण दोघं अंगणात पतंग उडवत होतो. आईनं तुला आत नेलं आणि परत येऊ दिलं नाही. मी मांजा धरून उभा होतो संध्याकाळपर्यंत."

"मला आठवत नाही."

"मला आठवतं. पण म्हणून कचेरी? मंदा, तिथं शपथ घालतील तुला. तो वकील विचारेल, मुलगी आईला बघून काय करते. काय सांगशील?"

मी वेणीची फीत बोटाभोवती गुंडाळत राहिले.

"पहिल्या रविवारी ती कधी रडली, असं विचारेल. कागद त्याच्या हातात आहे. काय सांगशील?"

म्हणजे त्यांना ठाऊक होते. कागद वाचताना त्यांच्या लक्षात आले होते आणि तेही गप्प राहिले होते.

"तू गेलीस तर तूच तिला हरवून येशील," दादासाहेब म्हणाले. "घरी राहिलीस तर निदान आपण लढलो असं होईल."

"कोण लढलं?"

ते उठले. दाराशी थांबले. "दाखला कृष्णरावांजवळ आहे. अकरापर्यंत तू दिसली नाहीस तर ते दाखल करतील. दिसलीस तर..." जिन्यावरून खाली जाताना टांगेवाल्याला हाक मारून उद्या साडेदहाला यायला सांगितले. कुणासाठी, ते सांगितले नाही.

मी घाबरलेली आहे. पायात लुगडे अडकेल, आवाज फुटणार नाही, जज्जसाहेबांकडे बघावे की खाली, काहीच ठाऊक नाही. त्याहून मोठी भीती प्रश्नांची आहे. मला काय विचारतील त्याची यादी मी दुपारभर केली. प्रत्येक प्रश्नाचे खरे उत्तर मला येते. त्यातल्या निम्म्या उत्तरांनी वनू माझी ठरते, निम्म्यांनी सुनंदेची. कोणते निम्मे आधी विचारतील, त्यावर सगळे आहे. किंवा नसेल.

आता एकच गोष्ट ठरायची होती. उद्या वनूला कुणाजवळ ठेवायचे? बायांजवळ ठेवून मी बाहेर पडले तर तिला वाटेल मी गेले. मागच्या रविवारनंतर तिला सोडून जाणे मला जमणार नाही. म्हणून तिला बरोबर नेणार. तिची पिवळी परकर-चोळी काढून ठेवली आहे.

अकराला पुकारा होईल. मला पुढे बोलावतील, पिंजऱ्यात उभे करतील. तितका वेळ वनूला कुणीतरी जवळ घ्यायला हवे. दादासाहेबांकडे ती जात नाही. कृष्णरावांना ती घाबरते. त्या दालनात तिला मांडीवर घेऊन बसेल असे एकच माणूस असेल, आणि मी आत गेल्या गेल्या वनूचा हात तिच्या आईच्या हातात देईन. जज्जसाहेब ते पाहतील. सगळेच पाहतील. मग मी शपथ घेईन.